ट्रूमन शिष्यवृत्ती : तीस हजार डॉलर आणि तीन वर्षांची बांधिलकी

अमेरिकेचे तेहेतिसावे राष्ट्राध्यक्ष हॅरी एस. ट्रूमन यांच्या स्मरणार्थ, पुढे समाजसेवेत काम करू पाहणाऱ्या कॉलेजविद्यार्थ्यांना दिल्या जाणाऱ्या शिष्यवृत्तीसाठी माझ्या मुलीने कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी अर्ज केला, ती अंतिम फेरीच्या मुलाखतीपर्यंत पोहोचली आणि तिची निवड झाली नाही. हे आरंभीच सांगून टाकते, कारण निवड न झालेल्याच्या घरातून आलेले परीक्षण कडवट असणार अशी शंका वाचकाला येणे स्वाभाविक आहे, आणि निवड झाली असती तर मी याहून गोड लिहिले असते हेही मी नाकारत नाही. परंतु हा अर्ज आमच्या न्यू जर्सीतल्या घरात सप्टेंबरपासून मार्चपर्यंत जवळजवळ पाहुण्यासारखा राहायला होता. जेवणाच्या टेबलावर त्याच्याविषयी इतके बोलणे झाले की, ज्यांची मुले येत्या एकदोन वर्षांत या वाटेला जाण्याची शक्यता आहे अशा मराठी पालकांना त्यातले चांगले-वाईट सांगावे असे मनापासून वाटले.

आपल्याकडच्या शाळांच्या सभागृहात दात्यांच्या नावांचा एक फलक असतो आणि दहावीच्या परीक्षेत संस्कृतात पहिल्या येणाऱ्याला 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ ठेवलेल्या ठेवीच्या व्याजातून' एक्कावन्न रुपये मिळतात. ट्रूमन शिष्यवृत्तीची आर्थिक रचना मुळात तशीच आहे; फरक इतकाच की येथे ठेव अमेरिकेच्या संसदेने ठेवलेली आहे. ट्रूमन २६ डिसेंबर १९७२ रोजी वारले. त्यांचे केंद्र सरकारचे अधिकृत स्मारक म्हणून दगडविटांची वास्तू न उभारता एक जिवंत योजना सुरू करावी, असा कायदा संसदेने केला आणि राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी ४ जानेवारी १९७५ रोजी त्यावर स्वाक्षरी केली. निधी केंद्रीय कोषागारात ठेवला गेला, तो सरकारी कर्जरोख्यांत गुंतवला जातो आणि मुख्यतः त्याच्या व्याजावर हा व्यवहार चालतो. १९७७ साली पहिली तुकडी निवडली गेली. (पुतळा पुढे झालाच. २०२२ साली मिझुरी राज्याने तो वॉशिंग्टनच्या संसदभवनात बसवला. पुतळ्यांचा मोह कोणत्याही देशाला सुटत नाही.)

अलीकडच्या वर्षांत देशभरातल्या कॉलेजांकडून साधारण सातशे नामांकने येतात, त्यांतून सुमारे दोनशे विद्यार्थी मुलाखतीला बोलावले जातात आणि साठच्या आसपास निवडले जातात. निवड झालेल्याला पदव्युत्तर शिक्षणासाठी जास्तीत जास्त तीस हजार डॉलर मिळतात. माजी शिष्यवृत्तीधारकांच्या यादीत रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश नील गोरसच आहेत, तसेच डेमोक्रॅटिक पक्षाच्या सुझन राइस आणि स्टेसी एब्रम्सही आहेत. त्यामुळे ही अमुक एका पक्षाची किंवा विचाराची शिष्यवृत्ती आहे असे म्हणता येत नाही.

मराठी पालकांचा पहिला गैरसमज येथेच होतो, आणि तो माझाही झाला होता. 'समाजसेवेची आवड असलेल्या विद्यार्थ्यांसाठी' असे वाचले की आपल्या डोळ्यांपुढे शाळेतल्या सेवेच्या तासांची वही उभी राहते. अन्नपेढीत डबे लावले, मंदिराच्या महाप्रसादात वाढप केले, मराठी मंडळाच्या गणपतीत स्वयंसेवकाचा बिल्ला लावला, सहीशिक्के घेतले आणि एकशेवीस तास भरले, म्हणजे आपले मूल सेवाभावी ठरले. ही शिष्यवृत्ती तासांचा हिशोब मागत नाही. दुसरे असे की मराठीत 'समाजसेवा' आणि 'सरकारी नोकरी' या दोन गोष्टी आपण दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवतो. पहिल्या कप्प्यात खादी, त्याग आणि खेड्यातला आश्रम असतो, तर दुसऱ्यात फाइली, महागाईभत्ता आणि निवृत्तिवेतन. ही शिष्यवृत्ती देणाऱ्या ट्रूमन प्रतिष्ठानाच्या व्याख्येत मात्र केंद्र, राज्य किंवा गावपातळीवरची सरकारी नोकरी, सैन्यदल, शाळेतली शिक्षकी आणि गरजूंसाठी किंवा पर्यावरणासाठी काम करणाऱ्या बिनफायद्याच्या संस्था हे सगळे एकाच पंगतीला बसते. जिल्हा कचेरीत बसून पाणीपुरवठ्याचा आराखडा नीट करणारा माणूस सेवक आहे, हे त्यांनी गृहीतच धरले आहे. मला ही व्याख्या फार आवडली.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे आणि या शिष्यवृत्तीचा सगळा कस तीत आहे. ही रक्कम केलेल्या सेवेचे बक्षीस म्हणून दिली जात नाही. पुढे करायच्या सेवेचा शब्द आधी घेऊन दिली जाते. या पैशांवर पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केल्यानंतरच्या सात वर्षांपैकी तीन वर्षे विद्यार्थ्याने वर सांगितलेल्या प्रकारच्या सेवेत काम करावे लागते, आणि ते न केल्यास घेतलेली रक्कम व्याजासह परत करावी लागते. मी हे फोनवर साताऱ्याला माझ्या वडिलांना समजावून सांगितले, तेव्हा ते म्हणाले, ''म्हणजे याला शिष्यवृत्ती म्हणायचे की बंधपत्र?'' माझे वडील रयत शिक्षण संस्थेच्या बोर्डिंगात राहून, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या 'कमवा आणि शिका' या रीतीने शिकले आणि आयुष्यभर शिक्षक राहिले. त्यामुळे शिक्षणाचे मोल शिकतानाच अंगमेहनतीने फेडायचे असते, अशी त्यांची समजूत आहे. शिकून झाल्यावर फेडण्याची कल्पनाही आपल्याकडे नवी नाही. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य तुटपुंज्या पगारावर वीस वर्षे शिकवण्याचे बंधन पत्करत असत आणि गोपाळ कृष्ण गोखल्यांनी ते पाळले होते. मात्र ते व्रत होते, व्याजाचे कलम त्यात नव्हते.

माझ्या मनात मात्र गोखल्यांच्या आधी आले ते महाराष्ट्रातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचे बंधपत्र. एम. बी. बी. एस. झाल्यावर एक वर्ष सरकारी सेवा, नाही तर दहा लाख रुपये दंड, अशी अट वर्षानुवर्षे होती; आणि दंड भरून मोकळे होण्याचा विचार करणारी कुटुंबे आपल्या सर्वांच्या ओळखीत आहेत. मग ट्रूमनचे बंधन वेगळे कशात? बंधनाच्या कठोरपणात मला मोठा फरक दिसत नाही. फरक त्याच्या जागेत आहे. वैद्यकीय प्रवेशाच्या वेळी बंधपत्र हा कागदपत्रांच्या गठ्ठ्यातला एक कागद असतो. मूल अठरा वर्षांचे असते, प्रवेश मिळाल्याच्या आनंदात सही होते आणि त्या एका वर्षात नेमके काय करायचे आहे, हे कोणी विचारत नाही. येथे सारा अर्जच त्या प्रश्नाभोवती रचलेला आहे. पैसे मिळण्याच्या कितीतरी आधी विद्यार्थ्याला लिहून द्यावे लागते की तुला समाजातली कोणती अडचण सोडवायची आहे, त्यासाठी तू काय शिकणार आहेस, शिकून झाल्यावर लगेच कोणत्या कामावर जायला पाहतोस आणि पाचसात वर्षांनी कोठे असशील. हे सगळे खरेपणाने लिहिणाऱ्याला तीन वर्षांची अट अडचणीची वाटण्याचे कारण उरत नाही, आणि ज्याला ती जाचक वाटते त्याला अर्ज लिहितानाच आपली चूक कळते.

म्हणूनच या शिष्यवृत्तीचा सर्वांत उत्तम भाग कोणता असे मला विचारले, तर मी तीस हजार डॉलर म्हणणार नाही, अर्ज म्हणेन. अलीकडे घडलेला, विशेष समाधान देणारा सेवेचा एक प्रसंग सांगा, असा त्यात एक प्रश्न आहे. माझी मुलगी तीन वर्षे दर फेब्रुवारी ते एप्रिल गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयात कमी उत्पन्नाच्या लोकांची करविवरणपत्रे विनामूल्य भरून देण्याचे काम करत आली आहे. केंद्रीय महसूल खात्याचीच ती योजना आहे; स्वयंसेवकाला आधी परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवावे लागते. पहिल्या मसुद्यात तिने 'अनेक कुटुंबांना मदत केल्याचे समाधान' वगैरे लिहिले होते. दुसऱ्यात आकडे आले. पाचव्या की सहाव्या मसुद्यात मात्र एक बाई आली, जी दोन ठिकाणी साफसफाईची कामे करून दोन मुले वाढवत होती आणि जिने आदल्या वर्षी दुकानातल्या करसल्लागाराला पैसे मोजूनही हक्काची करसवलत घेतलीच नव्हती. तिचे जुने विवरणपत्र दुरुस्त करता येते हे मुलीला प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत सापडले, त्या दुपारचे वर्णन तिने केले आणि ते वाचताना मला प्रथमच कळले की आपली मुलगी दर शनिवारी नेमके काय करायला जाते. तीन वर्षे तिला गाडीतून सोडणारी मी, मला ते एका छापील अर्जाने सांगावे, ही गोष्ट माझ्यासाठी जरा लाजिरवाणीच होती.

त्याहून कठीण भाग म्हणजे धोरणप्रस्ताव. विद्यार्थ्याने प्रत्यक्ष अधिकार असलेल्या एखाद्या सरकारी पदाधिकाऱ्याला उद्देशून, पाचशे शब्दांच्या आत, एक प्रश्न मांडायचा, त्यावरचा उपाय सुचवायचा आणि त्या उपायाच्या आड काय येईल हेही स्वतःच सांगायचे. 'सर्वांना शिक्षण मिळाले पाहिजे' असे लिहून चालत नाही, कारण तसे पत्र कोणाला पाठवायचे हाच प्रश्न उभा राहतो. मुलीने राज्याच्या करविभागाच्या प्रमुखांना लिहिले की, ज्यांच्या वेतनाचे आकडे मालकांकडून आधीच तुमच्याकडे येतात आणि जे या सवलतीला पात्र दिसतात, पण ती मागत नाहीत, त्यांना विभागाने आपण होऊन पत्र पाठवावे. कमी वेतनाच्या कुटुंबांसाठी असलेली ही केंद्रीय करसवलतही १९७५ सालीच, फोर्ड यांच्याच स्वाक्षरीने सुरू झाली, हे तिला त्या शोधात कळले; अर्जात त्यासाठी जागा उरली नाही, म्हणून येथे नोंदवते. अडचणींचा परिच्छेद लिहिताना तिने एका निवृत्त कर अधिकाऱ्याला फोन केला, तेव्हा त्याने टपालाचे पत्ते किती जुने असतात यावर अर्धा तास ऐकवले. चांगल्या हेतूचे गाडे कोठे अडते, हे वर्गात कळायला दोन वर्षे लागली असती.

मुलाखत सुमारे वीस मिनिटांची असते. समोरच्या मंडळात पूर्वीचे ट्रूमन शिष्यवृत्तीधारक आणि सरकारी-न्यायालयीन अनुभव असलेली माणसे असतात, आणि ती आडवेतिडवे विचारतात. तोंडपाठ उत्तरांचा तेथे उपयोग होत नाही. मुलीला विचारले गेले की करविभागाकडे माणसेच कमी असताना तुझी पत्रे पाठवण्यासाठी कोणते काम बंद करायचे. तिला नीट उत्तर देता आले नाही. बाहेर आल्यावर तिने मला ते उत्तर फोनवर अगदी नीट सांगितले. अशा उत्तरांना गुण नसतात.

आता उणिवांकडे येते. रक्कम तोकडी आहे. अमेरिकेतल्या नामवंत खासगी विद्यापीठांत कायद्याच्या शिक्षणाचे नुसते शुल्क वर्षाला सत्तर हजार डॉलरांच्या पुढे गेले आहे आणि तो अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे. शिष्यवृत्तीचा तीस हजारांचा आकडा मात्र कैक वर्षे जागचा हललेला नाही. तीन वर्षे कमी पगारावर काम करण्याचा शब्द द्यायचा आणि त्या बदल्यात अर्ध्या वर्षाचे शुल्क मिळायचे, असा कोरडा हिशोब मांडला तर हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे. ज्यांना सेवाक्षेत्रात दहा वर्षे काढायचीच आहेत, त्यांनी २००७ च्या कायद्याने आलेली केंद्रीय कर्जमाफीची योजना याच्या जोडीने अवश्य पाहावी. सरकारी किंवा बिनफायद्याच्या संस्थेत काम करत एकशेवीस मासिक हप्ते भरल्यावर उरलेले केंद्रीय शैक्षणिक कर्ज माफ होते, आणि पुष्कळांच्या बाबतीत ती रक्कम तीस हजारांहून मोठी असते.

पात्रतेची अट आपल्या लोकांना विशेष जाचते. विद्यार्थी अमेरिकेचा नागरिक असावा लागतो. वयाच्या तिसऱ्या वर्षी पुण्याहून आलेले, येथल्याच शाळांत शिकलेले, पण आईवडिलांच्या ग्रीनकार्डाच्या रांगेत अडकलेले मूल अर्ज करू शकत नाही. ग्रीनकार्ड हातात असले तरीही नाही. केंद्र सरकारचे स्मारक म्हणून ही अट समजण्यासारखी आहे. तरीही आमच्या ओळखीतला एक मुलगा, जो माझ्या मुलीपेक्षा या शिष्यवृत्तीला अधिक लायक होता असे ती स्वतः म्हणते, तो केवळ या एका कारणाने उंबऱ्यावरच राहिला, हे मला विसरता येत नाही.

विद्यार्थ्याला थेट अर्ज करता येत नाही. कॉलेजने नामांकन करावे लागते. प्रत्येक कॉलेज चारच नावे पाठवू शकते, आणि दुसऱ्या कॉलेजातून बदलून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी आणखी तीन जागा असतात. ही तीन जागांची सवलत मला ट्रूमन यांच्या नावाला शोभणारी वाटते, कारण ते स्वतः पदवीधर नव्हते. कॅन्सस सिटीत त्यांनी रात्रीच्या वर्गांत कायदा शिकायला घेतला तोही पुरा झाला नाही, आणि १९०१ साली वारलेल्या विल्यम मॅकिन्ली यांच्यानंतरचे कॉलेजची पदवी नसलेले ते एकमेव राष्ट्राध्यक्ष. त्यांचे कपड्यांचे दुकान १९२२ साली बुडाले, तेव्हा दिवाळखोरी जाहीर न करता त्यांनी पुढे कित्येक वर्षे देणी फेडली. व्याजासह परतफेडीचे कलम वाचताना मला या दुकानाची आठवण होते.

मात्र कॉलेजमार्फत जाण्याच्या या रीतीत कॉलेजच्या आळसाचा फटका विद्यार्थ्याला बसतो. प्रतिष्ठानाची मुदत फेब्रुवारीच्या आरंभी असते, तर कॉलेजांची अंतर्गत मुदत शरदातच येते. माझ्या मुलीच्या कॉलेजने, ज्याचे नाव मी घेत नाही, ही सूचना केवळ गुणवंतांच्या खास वर्गातल्या मुलांना पाठवली होती. हिला ती मैत्रिणीकडून कळली तेव्हा नऊ दिवस उरले होते. ज्या मोठ्या विद्यापीठांत अशा शिष्यवृत्त्यांसाठी स्वतंत्र कचेरी आहे, तेथली मुले उन्हाळ्यापासून मसुदे घासत असतात. सेवेची तळमळ दोघांचीही सारखी असेल. कचेरी मात्र एकालाच लाभते.

राज्यांचा नियमही समजून घ्यावा. पात्र उमेदवार असल्यास प्रत्येक राज्यातून दरवर्षी निदान एकाची निवड व्हावी अशी कायद्याची योजना आहे, आणि राज्य मोजले जाते ते घराचे, कॉलेजचे नव्हे. आपली मंडळी न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियात दाटीवाटीने राहतात, जेथे स्पर्धा तीव्र आहे. तुरळक वस्तीच्या वायोमिंग राज्यात बिऱ्हाड हलवा असे मी कोणाला सांगणार नाही.

नावाचा प्रश्न राहिला. ऑक्टोबरमधल्या एका रात्री मुलीने विचारले की, हिरोशिमा आणि नागासाकीवर बॉम्ब टाकायला लावणाऱ्या माणसाच्या नावाची सेवेची शिष्यवृत्ती मी घ्यावी का. सैन्यातला वर्णभेद संपवण्याचा १९४८ चा आदेशही त्यांचाच, असे मी म्हणाले. तिने त्यावर, एकाने दुसरे वजा होते का, असे विचारले आणि माझ्याजवळ उत्तर नव्हते. एवढे खरे की अर्जात ट्रूमन यांच्या गौरवाचा निबंध लिहावा लागत नाही. आपल्याकडच्या स्मृतिपारितोषिकांत 'कै. अमुक यांचे जीवनकार्य' यावर वक्तृत्व करावे लागते, त्या मानाने ही मोकळीक मोठी आहे.

माझे मत असे की, ज्या विद्यार्थ्याला आपले काम कोणते हे निदान अंधूक दिसू लागले आहे, त्याने दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस कॉलेजमध्ये चौकशी करून हा अर्ज लिहायला घ्यावा, मग नामांकन मिळो वा न मिळो. ज्याला केवळ नावापुढे एक बिरुद हवे आहे, किंवा ज्याच्या घरी सल्लागार कंपनीतल्या नोकरीचे आधीच ठरले आहे, त्याने करू नये. तीन वर्षांची अट त्याला टोचेल आणि एक जागा फुकट जाईल. पालकांनी मसुदे वाचावेत, पण स्वतः लिहू नयेत. मी एका परिच्छेदात हात घातला होता आणि शिफारसपत्र देणाऱ्या प्राध्यापकांनी नेमका तोच परिच्छेद काढायला सांगितला.

निकाल एप्रिलच्या मध्यावर लागला. पंधरा एप्रिल ही विवरणपत्रे भरण्याची शेवटची तारीख, त्यामुळे तो सगळा आठवडा मुलगी रात्री नऊपर्यंत ग्रंथालयातच होती. निवड न झाल्याचा निरोप तिच्या टपालपेटीत आला होता, तो तिने सतरा तारखेला उघडला.